चुसांचे घर

कोरियाच्या दक्षिण छुंगछॉंग प्रांतात येसान भागात योंगगुंग-री नावाचे खेडे आहे. गावालगतच्या टेकडीवर ह्वाआमसा हे लहानसे बौद्ध मंदिर आणि मंदिराच्या पाठीशी घडीच्या पडद्यासारखा सरळ उभा कातळ. त्या कातळावर सहा चिनी अक्षरे खोदलेली आहेत. त्यांचा अर्थ होतो ‘हिंदुस्थानातल्या जुन्या गुरुजींचे घर’. गुरुजी म्हणजे गौतम बुद्ध. मंदिर नाही, विहार नाही, साधे घर! पलीकडच्या आळीतल्या मास्तरांच्या दारावर पाटी असावी, तशी ही बुद्धाच्या दारावरची पाटी. जवळच, टेकडीच्या पायथ्याशी, ती लिहिणाऱ्याचे स्वतःचे घर आहे. 

ती लिहिणारे ते किम जॉंग-हुई (1786–1856). त्यांनी आयुष्यात कितीतरी टोपणनावे घेतली. त्यांपैकी ‘चुसा’ लोकांच्या तोंडी राहिले आणि त्यांच्या अक्षराची शैलीही त्याच नावाने ओळखली जाते. कन्फ्यूशियसच्या ग्रंथांचे अभ्यासक, शिलालेखांचे जाणकार, कवी, चित्रकार, दरबारी अधिकारी आणि पुढे राजदंड झालेले कैदी, असे हे आयुष्य. कोरियात सुंदर हस्ताक्षराचा विषय निघाला की पहिले नाव आजही त्यांचेच निघते.

घर मात्र त्यांनी बांधलेले नाही. ते त्यांच्या पणजोबांचे, किम हान-शिन यांचे. हान-शिन हे राजा यॉंगजोचे जावई. राजकन्या ह्वासुन त्यांना दिली होती. राजाने इथली जमीन दिली आणि घर उठले. घर 53 खणांचे होते. प्रांतातल्या 53 परगण्यांनी एकेका खणाचा खर्च उचलला, असे परंपरेने सांगतात. कोरियनांचे ‘कान’ हे माप म्हणजे दोन खांबांमधली जागा, अगदी आपल्याकडच्या खणासारखे, म्हणून हा शब्द वापरताना मला भाषांतर केल्यासारखे वाटत नाही.

1758 मध्ये हान-शिन ऐन चाळिशीच्या आत गेले. राजकन्येने त्याच दिवसापासून अन्नपाणी सोडले. राजा, म्हणजे तिचा बाप, स्वतः येऊन तिची समजूत घालून गेला. ती बधली नाही. पंधरवडाही उलटला नाही तोच तीही गेली. अशा पतिव्रतेच्या नावाने दारापुढे तांबडे तोरणद्वार उभारण्याची तिथे रीत होती. दरबाराने तशी विनंती केली, पण यॉंगजोने नकार दिला. बापाचा शब्द मोडून गेलेल्या मुलीचा गौरव त्याला करवेना. पुढे त्याचा नातू जॉंगजो गादीवर आला आणि 1783 मध्ये त्याने ते द्वार उभारले. आज घराकडून थोडे पुढे गेले की राजकन्येची समाधी आणि ते तांबडे द्वार लागते. मला ते पाहावत नाही. गौरवाच्या रंगाखाली एका बाईचा उपास आहे आणि मुलीपुढे हात टेकलेला एक म्हातारा बापही आहे. पण या वास्तूचा इतिहास सांगायचा तर सुरुवात इथूनच करावी लागते, कारण चुसांच्या जन्माआधीच हे घर एक स्मारक होऊन बसले होते.

घराच्या मांडणीत ती राजकन्या अजून आहे. उंच दरवाजातून आत आले की पुरुषांची बैठक, काटकोनात वळलेली. तीत जमिनीखालून ऊब खेळवलेल्या खोल्या मोजक्याच, बाकी बहुतेक जागा मोकळ्या लाकडी ओसरीला दिलेली. त्यामागे बायकांचा चौसोपी भाग, मध्ये चौक. या भागातल्या चुली फक्त खोल्या तापवण्यासाठी. स्वयंपाकाची चूल वेगळी, बाहेरच्या अंगाला. राजघराण्यातल्या वास्तूंची ही पद्धत. सासरी आलेल्या राजाच्या लेकीसाठी सुतारांनी ती इथे खेड्यात आणली. सर्वांत मागे, चढावर, पूर्वजांचे देवघर. आता तिथे चुसांची तसबीर आहे.

चुसांच्या जन्माविषयी गावात एक गोष्ट सांगतात. ते आईच्या पोटात 24 महिने राहिले. त्या काळात घराची विहीर आटली, मागच्या डोंगरावरची झाडे सुकली आणि बाळाने पहिला टाहो फोडताच पाणी परत आले, पालवी फुटली. ती विहीर आजही घराशेजारी दाखवतात. संतांच्या जन्मकथा ऐकत वाढलेल्या आपल्याला हे काही परके नाही. दुसरी गोष्ट त्यांच्या बालपणाची, राजधानीतल्या घराची. वसंतारंभी दारावर शुभाक्षरे चिकटवायची पद्धत होती. सहा-सात वर्षांच्या पोराने लिहिलेली अक्षरे जाता जाता पाक जे-गा या विद्वानाच्या नजरेस पडली आणि हा मुलगा मोठा झाला की मी याला शिकवीन, असे तो म्हणाला. गोष्ट जशीच्या तशी खरी असेल-नसेल, पण पाक जे-गा पुढे त्यांचे गुरू झाले हे खरे. चीनला जाऊन आलेला, तिथले नवे ज्ञान आपल्याकडे आणा म्हणून कंठशोष करणारा असा तो माणूस. शिष्याचे तोंड बीजिंगकडे वळले ते त्याच्यामुळे.

1809 च्या अखेरीस वडील दूतमंडळातून बीजिंगला निघाले, तेव्हा चुसाही बरोबर गेले. वय चोविशीतले. तिथे वंग फांगगांग आणि रुआन युआन हे दोन थोर पंडित भेटले. पहिला तेव्हा 78 वर्षांचा. त्याच्या संग्रहात जुन्या शिलालेखांचे ठसे रचून ठेवलेले होते. कागद ओला करून दगडावर बसवायचा, वरून शाईची पुरचुंडी हलकेच आपटायची आणि खोदलेली अक्षरे पांढरी उमटवायची, ही ठसे घेण्याची रीत आपल्याकडच्या पुरालेखवाल्यांच्याही हाताला ठाऊक आहे. त्या ठशांनी तरुण चुसांची दृष्टी पार बदलली. तोवर कोरियात पिढ्यान्‌पिढ्या कित्त्याच्या नकलेवरून नक्कल चालत आली होती. त्यांना दगडावरचे, चीनच्या हान राजवटीच्या काळाचे लेखन दिसले : रुंद, चौकोनी, ओबडधोबड, पण जिवंत. वळण घोटायचे तर या मुळाशी जाऊन घोटायचे, हे त्यांनी तिथेच ठरवले. रुआन युआनच्या नावातले एक अक्षर घेऊन त्यांनी ‘वानदांग’ हे आणखी एक टोपणनाव केले. परतीच्या सामानात ग्रंथ होते, ठसे होते आणि कुंचल्यांच्या डबीत पांढऱ्या सालीच्या पाइन वृक्षाचे बी होते.

ते बी त्यांनी खापरपणजोबांच्या समाधीपाशी, घरापासून थोड्या अंतरावर लावले. झाड आजही आहे आणि देशाच्या संरक्षित निसर्गठेव्यांच्या यादीत त्याची नोंद 106 व्या क्रमांकाने झाली. मुळात त्याला तीन मोठ्या फांद्या होत्या. दोन गेल्या, एक उरली. साल मात्र अजून तशीच, चुना फासल्यासारखी पांढरी. या जातीच्या कोवळ्या झाडाची साल हिरवट करडी असते आणि वय वाढेल तशी ती पोपडे टाकत पांढरी होत जाते. चुसांनी पाहिली असेल ती हिरवी. पांढरी पाहायला आपण आहोत.

दगड वाचण्याच्या त्यांच्या ध्यासाची एक हकिगत इथे सांगायलाच हवी. राजधानीजवळच्या बुखानसान डोंगराच्या शिखरावर एक झिजलेला शिलालेख होता. तो कुणा जुन्या भिक्षूने उभारला, अशी सर्वांची समजूत. 1816 मध्ये चुसा एका मित्राला घेऊन वर चढले, शेवाळ पुसले, ठसा घेतला आणि अक्षर अक्षर लावत गेले. लेख निघाला सहाव्या शतकातल्या सिल्ला राज्याच्या जिनहुंग राजाचा. पुढच्या वर्षी दुसऱ्या मित्राबरोबर पुन्हा जाऊन त्यांनी 68 अक्षरे पक्की केली. आपल्याकडे प्रिन्सेपने अशोकाची ब्राह्मी उलगडली ती 1837 मध्ये. त्याच्या वीस वर्षे आधीची ही गोष्ट. आनंदाच्या भरात त्यांनी आपण हा लेख वाचल्याची नोंद त्याच दगडाच्या कडेवर खोदवली. आज असे कुणी केले तर आपला जीव कळवळेल, माझाही कळवळतो; पण त्या नोंदीतला हर्ष नाकारता येत नाही. तो दगड आता कोरियाच्या राष्ट्रीय संग्रहालयात सुरक्षित आहे.

1840 मध्ये सगळे फिरले. दुसऱ्यांदा बीजिंगला जाण्यासाठी दूतमंडळात नेमणूक झालेली होती. तेवढ्यात दहा वर्षांपूर्वीचे दरबारी प्रकरण उकरून काढले गेले आणि चुसांना जेजू बेटावर हद्दपारी झाली. तीही सर्वांत कडक प्रकारची, घराभोवती काटेरी कुंपण घालून आत कोंडण्याची. 1848 च्या अखेरीपर्यंत, आठ वर्षांहून अधिक काळ, येसानचे घर त्यांच्याविना होते.

त्या वर्षांतली, बायकोला लिहिलेली त्यांची पत्रे उरली आहेत. चुसांची अशी कोरियन लिपीतली पत्रे चाळीसच्या घरात आहेत. पंडितांचा सगळा व्यवहार चिनी अक्षरांत, पण घरी लिहायचे ते हंगुलमध्ये. त्या पत्रांत ज्ञान नाही. पाठवलेले पदार्थ समुद्रप्रवासात खराब झाले, हे पाठव, ते नको, कपडे अमुक प्रकारचे हवेत, अशी तक्रार आणि मागणी. एवढा मोठा माणूस जेवणाबद्दल इतकी कुरकुर करतो, याचे काही जणांना आश्चर्य वाटते. मला वाटत नाही. कुंपणात अडकलेल्या माणसाला घराशी जोडून ठेवणारा एवढाच धागा हाती होता आणि तोच तो ओढून पाहत होता. 1842 च्या हिवाळ्यात बायको आजारी असल्याचे कळल्यावर त्यांनी काळजीने पत्रे लिहिली. ती लिहिली तेव्हा बायको या जगात नव्हती. निरोप समुद्र ओलांडून पोचेपर्यंत आठवड्यांमागून आठवडे गेले होते.

या हद्दपारीने अक्षराचे काय केले, हे पाहायचे असेल तर दोन फलक शेजारी ठेवावेत. दोन्हींवर तीच चार अक्षरे : अमितायु बुद्धाच्या दालनाचे नाव. एक फलक दक्षिणेतल्या तेहुंगसा मठाचा. जेजूला जाताना वाटेत चुसा तिथे मित्राकडे, भिक्षू छोउईकडे, थांबले आणि लिहून गेले, असे सांगतात. त्यातल्या रेघा भरदार, अंगाने सुटलेल्या, खात्यापित्या घरच्या. दुसरा फलक ह्वाआमसाचा, म्हणजे घरामागच्या मंदिराचा. 1846 मध्ये कुळाने या मंदिराची डागडुजी केली, तेव्हा तो जेजूहून लिहून आला. रेघा हाडकुळ्या. जिथे वळण द्यायचे तिथे वळण नाही, थेट खिळा ठोकल्यासारखा थांबा. सजावट म्हणून काही उरलेलेच नाही. चार अक्षरांमधली रिकामी जागा मात्र पहिल्या फलकापेक्षा जास्त बोलते. सहा वर्षांत हाताचे मांस झडले आणि सांगाडा दिसू लागला, तो सांगाडा म्हणजेच चुसांची पक्व शैली. तेहुंगसातली आणखी एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. जाताना त्यांनी आधीच्या पिढीतल्या एका सुलेखनकाराचा फलक बेढब म्हणून उतरवायला लावला होता आणि परत येताना, माझेच चुकले, तो पुन्हा लावा, असे सांगितले. आख्यायिका म्हणूनच ती घ्यावी, पण दोन फलक पाहिले की ती रचणाऱ्यांना काय दिसले होते ते कळते.

1844 मध्ये जेजूलाच ‘सेहानदो’ हे चित्र झाले. एक ओकेबोके घर, भिंतीला गोल खिडकी, भोवती चार झाडे, माणूस एकही नाही. पडत्या काळातही बीजिंगहून ग्रंथ आणून पाठवणाऱ्या ई सांग-जक या दुभाष्या शिष्याला त्यांनी ते दिले. शिष्याने ते चीनला नेऊन तिथल्या विद्वानांचे अभिप्राय मागितले. ते जोडत जोडत मूळ 70 सेंटिमीटरचे चित्र पुढे जवळजवळ पंधरा मीटरची गुंडाळी झाले. विसाव्या शतकात ती फुजित्सुका चिकाशी या जपानी अभ्यासकाकडे पोचली. 1944 मध्ये, बॉम्बवर्षावाच्या छायेतल्या टोकियोत, सोन जे-ह्यॉंग हा कोरियन सुलेखनकार त्यांच्या दारी गेला आणि दिवसामागून दिवस त्यांना विनवत राहिला. शेवटी फुजित्सुकांनी चित्र दिले, एक पैसाही न घेता. काही महिन्यांत, 1945 च्या हवाई हल्ल्यात, फुजित्सुकांच्या संग्रहाचा मोठा भाग जळाला. त्यातून वाचलेले दहा हजारांहून जास्त ग्रंथ आणि कागद त्यांच्या मुलाने 2006 मध्ये सोलजवळच्या ग्वाचॉन शहराला देऊन टाकले. चुसांची शेवटची चार वर्षे या ग्वाचॉनमध्ये गेली होती. चित्र 2020 मध्ये राष्ट्रीय संग्रहालयाला दान झाले.

1856 मध्ये चुसा गेले. शेवटच्या आजारपणात सोलच्या पोंगुन्सा मठातल्या ‘पानजॉन’साठी, म्हणजे अवतंसक सूत्राचे लाकडी ठसे ठेवण्याच्या इमारतीसाठी, त्यांनी दोनच अक्षरे लिहिली. मृत्यूच्या तीन दिवस आधी, असे मानतात. वय 71, आजारात लिहिले, अशी नोंद कडेला आहे. नुकती अक्षरे गिरवू लागलेल्या मुलाने लिहावीत तशी ती दिसतात. अक्षरावर आयुष्य घालवलेल्या माणसाने शेवटी असे लिहावे, हे पाहून मला भरून येते. त्यांची समाधी आज येसानला, घराशेजारीच आहे.

पुढचा शंभरहून अधिक वर्षांचा काळ घराने कसा काढला, ते थोडक्यात सांगतो, कारण सांगण्यासारखे फार सुखाचे नाही. वैभव ओसरले, खण पडत गेले, 1960 च्या दशकाअखेरीस घर कुळाबाहेर विकलेही गेले. 1976 मध्ये प्रांताने ते घेतले, सांस्कृतिक ठेव्यांच्या यादीत 43 व्या क्रमांकावर नोंदवले आणि पुढच्या वर्षापर्यंत दुरुस्ती करून उभे केले. दरवाजा, बैठक, चौसोपी, देवघर असे आज जे दिसते ते या दुरुस्तीचे घर आहे. 53 खण परत आले नाहीत. 2008 मध्ये शेजारी संग्रहालयही झाले.

दुरुस्तीच्या वेळी घराच्या खांबाखांबांवर चुसांच्या अक्षरांच्या फळ्या बसवल्या. ही त्यांच्या वेगवेगळ्या काळातल्या लेखनाची प्रतिरूपे आहेत. पाहुण्याला वाटते, बालपणापासून ही अक्षरे इथेच होती. तसे नाही आणि ते स्पष्ट सांगायला हवे. तरीही मी या फळ्यांच्या बाजूने आहे. एरवी उंच दरवाज्याची आणि चौसोप्याची जुनी घरे कोरियात आणखीही आहेत. या खांबांवरून नजर वरून खाली फिरवताना भरदार रेघ कुठे संपते आणि हाडकुळी कुठे सुरू होते, ते एका फेरीत दिसते. असा वर्ग दुसरीकडे कुठे भरत नाही.

जेजूला याच्या उलट झाले. ते राहिले त्या स्थानिक कुटुंबाचे घर 1948 च्या रक्तपाताच्या काळात जळाले आणि 1984 मध्ये त्या घरच्या लोकांच्या आठवणींवरून पुन्हा बांधले गेले. तिथले नवे स्मारक 2010 मध्ये झाले. वास्तुरचनाकार सुंग ह्यो-सांग यांनी ते सेहानदोमधल्या त्या ओक्याबोक्या घरासारखेच केले. प्रदर्शन बहुतेक जमिनीखाली; वर दिसते ते चित्रातले घर, गोल खिडकीसकट. गावकरी सुरुवातीला त्याला बटाट्याचे कोठार म्हणत. ग्वाचॉननेही चुसांचे तिथले घर नव्याने बांधले आणि 2013 मध्ये संग्रहालय उघडले. एका माणसाची तीन घरे, तिन्ही पुन्हा उभी केलेली. आणि ती उभी राहिली, कारण त्याचे अक्षर लोकांनी आधीच जपले होते : मठांनी फलक टांगून, शिष्याने गुंडाळी नेऊन, एका जपानी प्राध्यापकाने पदरमोड करून.

येसानच्या घरात चुसांच्या काळचे जे थेट हाताला लागते, त्यात बैठकीपुढचा एक दगडी खांब आहे. उंची फार नाही. त्याच्या सावलीवरून वेळ बघत. तो चुसांनीच करवला असे सांगतात. खांबावर ‘दगड’ आणि ‘वर्ष’ ही दोन अक्षरे आहेत. वळण हुबेहूब चुसांचे, पण लिहिणारा त्यांचा मुलगा सांग-उ. बापाचे वळण त्याने इतके उचलले की सांगितल्याशिवाय कळत नाही.

आणि खांबांवरच्या त्या फळ्यांमध्ये 1856 सालची, म्हणजे शेवटच्या वर्षातली, एक जोडओळ आहे. साध्या भाजीपाल्याचे जेवण आणि बायको-मुले-नातवंडे एकत्र बसलेली, एवढाच तिचा विषय. लिहिले तेव्हा बायको जाऊन चौदा वर्षे झाली होती. आता ती ओळ घराच्या खांबावर आहे.